‘सेट’ या शब्दापायी रुसलेली तुमची बहीण

तीर्थस्वरूप दादांस,

वाकून नमस्कार. (कमरेत उसण भरली आहे, त्यामुळे नमस्कार करून झाला तरी मी अजून वाकलेलाच आहे.) तुमचा खोकला कसा आहे? वहिनींचे गुडघे? इकडे सगळं ठीक. फक्त घरात मी एकटा आहे, आणि तो का, हे तुमच्या बहिणीने तिकडे येऊन सांगितलं असेलच. तिने सांगितलं ते खरं आहे. तरी माझी बाजूही ऐका.

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत दोन वर्षं माझ्या वाट्याला ‘सेट’ हा एकच इंग्रजी शब्द होता. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा शब्दात आहे काय? अहो, काय नाही ते विचारा! चहाचा सेट, नाटकाचा सेट, केस सेट करणं, घड्याळ सेट करणं, सिमेंट सेट होणं, तुमच्या धाकट्याचं परदेशात सेट होणं. बरं, मूळ तरी एक असावं! क्रियापदाचा अर्थ मुळात ‘बसवणं’, आणि वस्तूंचा सेट आला तो ‘अनुयायी मंडळी’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. दिसायला जुळे भाऊ, पण आईबाप वेगळे. (हे मी तिला जेवताना तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला नको होतं.)

आमच्याकडे रीत अशी, की प्रत्येक अर्थाला कुणीतरी खरोखर बोललेलं वाक्य लागतं. कोण, कुणाला, कोणत्या प्रसंगी बोललं यासकट. रविवारी ती भडकली आणि म्हणाली, “तुमचं त्या टेबलाशी एकदा सेट झालं, की बायको मेली काय नि जगली काय, सारखंच!” दादा, असं वाक्य मिळायला नशीब लागतं. मी म्हणालो, “थांब, जरा सावकाश, पुन्हा म्हण.” ती म्हणाली नाही. मग मी आठवून लिहिलं, खाली ‘पत्नी, नवऱ्यास, संतापून’ अशी नोंद केली आणि सोमवारी साहेबांना दिलं. ते इतके खूश झाले, की त्यांनी ते फळ्यावरच लावलं. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. आता मला काय ठाऊक, की मी विसरलेला चष्मा घेऊन ती दुपारी कचेरीत येणार आणि शिपाई तिला कौतुकाने थेट फळ्यापाशी नेणार! चष्मा माझ्या हातावर ठेवून ती तशीच स्टँडवर गेली.

चूक माझीच. तिच्याशिवाय करमत नाही हो. चहा अजून दोघांचाच टाकतो आणि दोन्ही कप मीच पितो. ‘सेट’ शनिवारी संपला, छापायलाही गेला, एवढं तिला सांगा. आता मी मोकळा आहे. तिला पाठवा.

आपला नम्र,
मेहुणा

ता. क. ती येत नसेल तर मीच तिकडे येतो. तुमची माडीवरची खोली रिकामी आहे ना? टेबल मात्र मोठं लागेल.

आणखी ता. क. टेबल कशाला, असं तिने विचारलं तर विषय बदला. साहेबांनी पुढचा शब्द दिला आहे, ‘रन’. त्याला ‘सेट’पेक्षाही जास्त अर्थ आहेत. हे तिला मीच सांगेन. तुम्ही फक्त आमच्या मध्ये उभे राहा.