आईचा उंबरा

धाकटे,

आईची चाकांची खुर्ची दवाखान्यात परत द्यायला चाललोय. दहाला ठेकेदार तिच्या खोलीचं कोटेशन घेऊन येईल. ती गेल्याचं त्याला ठाऊक नाही. आधी बसव, पाणी दे, मग सांग.

खोली बांधायचीच आहे. नकाशात एकच बदल. दाराला उंबरा नको, खुर्ची अडेल, हा सल्ला ठेकेदाराचाच होता. "बिनउंबऱ्याची खोली म्हणजे गोदाम," म्हणत ती हटून बसली, तेव्हा मी मेला तिच्यावरच खेकसलो. पुन्हा तिने विषय काढला नाही.

त्याला म्हणावं, उंबरा घाला. लाकडी, चांगला रुंद, तिला हवा होता तसा. आता खुर्ची अडायचा प्रश्नच नाही.

दूध तापवून ठेवलंय.

बाबा