धुऱ्यावरचं लाल कोर्ट

६ एप्रिल

मोंटे कार्लो सुरू! आजपासून पॅरिसची फायनल होईपर्यंत मी कोणाच्या कामाचा नाही. वैजयंतीला सकाळीच सांगून टाकलं. ती म्हणाली, एरवी तरी कुठं असता. बायको म्हणून बरोबर बोलली.

गहू निघाला, हरभरा विकला, वावर रिकामं. लाल मातीचा हंगाम ठरवणाऱ्यानं रिठदच्या शेतकऱ्याची सवड पाहूनच तारखा काढल्या असाव्यात. ऑस्ट्रेलियाचं टेनिस येतं तेव्हा मी हरभऱ्यात. विम्बल्डन येतं तेव्हा सोयाबीनच्या निंदणात. आणि दिवसभर गवत उपटून आलेल्या माणसानं संध्याकाळी गवतावरचा खेळ काय म्हणून पाहायचा?

हा नाद लागला तो पाय मोडला त्या उन्हाळ्यात. खाटेवर पडून होतो, रिमोटचं बटण अडकलं, चॅनल बदलेना. बदलेना म्हणून पॅरिस पाहिलं. पाय जुळला. हे काही सुटलं नाही.

माझ्या आवडत्या गड्याचं नाव इथं लिहीत नाही. नाव लिहिलं की हरतो. अनुभव आहे.

९ एप्रिल

आज आई येऊन बसली मॅच पाहायला. ऐंशीच्या घरात आहे, नजर माझ्यापेक्षा चांगली. उंच खुर्चीवर बसलेल्या पंचाकडे बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "हा पाखरं राखायले बसला काय माळ्यावर? गोफण त नाई दिसत त्याच्यापाशी."

मी नियम समजावले. पंधरा, तीस, चाळीस. तिनं विचारलं, तीसनंतर पंचेचाळीस काहून नाही? मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. मी म्हटलं, मॅच पाहा.

मग तिनं ठरवलं की पांढऱ्या मोज्यावाला गरीब घरचा आहे आणि तो जिंकला पाहिजे. तो हरला. जेवली नाही नीट.

१२ एप्रिल

लाल माती काहून आवडते, ते आज नीट सुचलं. लिहून ठेवतो.

सिमेंटवर जोरवाल्याचं चालतं. एक दणका आणि मोकळा. मातीवर तसं नाही. तुम्ही दणका मारा, माती चेंडूचा वेग पिऊन घेते, समोरचा घसरत घसरत येतो आणि परत देतो. पुन्हा मारा, पुन्हा येतो. शेवटी ज्याचा दम टिकला तो जिंकला. आणि चेंडू कुठं पडला त्याची खूण मातीवर राहते. भांडण झालं तर पंच माळ्यावरून उतरतो, वाकून पाहतो, बोट दाखवतो, विषय संपला.

आमच्याकडे असं असतं तर जगदेवचं आणि माझं कधीच मिटलं असतं.

१३ एप्रिल

काल जगदेवचं नाव आलं म्हणून मांडून ठेवतो. जगदेव माझा चुलतभाऊ. एका खाटेवर झोपून वाढलो. त्याचं माझं वावर लागून, मध्ये बांधाचा धुरा. धुऱ्याला लागून विहिरीकडचा एक मुरमाड तुकडा आहे, तिथं कुसळसुद्धा धड उगवत नाही. तो म्हणतो माझा, मी म्हणतो माझा. माझे वडील, आबा, गेले त्या वर्षापासून आम्ही बोलत नाही. एसटीत शेजारी जागा असली तरी दोघंही उभे राहतो. आई मात्र त्याच्याकडे बसायला जाते. म्हणते, "माह्यं काई भांडण नाई त्याच्यासंग. तुमी पाहा तुमचं."

आज मोंटे कार्लो संपलं. आता माद्रिदची स्पर्धा लागेपर्यंत करायचं काय?

१६ एप्रिल

सुचलं!

त्या मुरमाड तुकड्यावर लाल कोर्ट करायचं.

१७ एप्रिल

वैजयंतीनं ऐकून घेतलं. कोणाबरोबर खेळणार, एवढंच विचारलं. एवढा विचार मी केला नव्हता.

२४ एप्रिल

काम जोरात. मुरूम तिथलाच. वर वीटभट्टीवरच्या फुटक्या विटांचा चुरा आणून पसरला, पॅरिसलाही वरती विटांची भुकटीच असते. पत्र्याच्या ड्रममध्ये पाणी भरून रोलर केला. नर्सरीवाल्याकडची हिरवी शेडनेट जाळी म्हणून लावली. रेषा चुन्याच्या. मोबाईलवर रॅकेटी मागवल्या, दोन. दुसरी कोणासाठी ते देव जाणे.

गावात बातमी पसरली की बबनरावच्या, म्हणजे माझ्या, वावरात हेलिपॅड होऊन राह्यलं. पोहरादेवीले मंत्री येतात, या खेपेस हेलिकॉप्टर इकडं उतरणार म्हणे. दुपारी दोन माणसं रस्त्याच्या मागणीचा अर्ज घेऊन आली. मी टेनिस म्हटलं. त्यांना वाटलं टेनिस नावाचे कोणी साहेब आहेत. अर्ज ठेवून गेले.

२८ एप्रिल

माद्रिद पाहून मन उतरलं. तिथं आता रेषेचा निवाडा यंत्र देतं. आवाज येतो, आऊट. खेळाडू खूण दाखवतो, बिचारा ओरडतो, खूण चेंडूची मातीवर स्पष्ट दिसते — पंच खाली उतरतच नाही! यंत्राचं म्हणणं शेवटचं. मग माती ठेवली कशाला? फरशी टाका.

आईला माळ्यावरच्या माणसाची काळजी वाटते. आता त्याला कामच नाही, पगार देतील का म्हणते.

५ मे

कोर्ट तयार. नारळ फोडला.

पहिली मॅच वैजयंतीबरोबर. तिनं पदर खोचला, रॅकेट झाडूसारखी धरली आणि जी सर्व्हिस मारली ती थेट धुऱ्यापलीकडे, जगदेवच्या वावरात. मी मारलेली पण तिकडंच. संध्याकाळपर्यंत एक चेंडू उरला. तिकडचे मागायचे कसे? बोलणं नाही. आम्ही दोघं धुऱ्यावर उभं राहून चेंडू पाहिले आणि घरी आलो.

घरभर लाल पावलं. मोजे वैजयंतीनं माझ्यापुढं आणून ठेवले, साबणासकट.

९ मे

मोजणीची नोटीस आली. जगदेवनं त्या तुकड्यासाठी सरकारी मोजणीचा अर्ज टाकला आहे. चौकात चारचौघांत म्हणाला म्हणे, तुकडा माझा निघाला की दुसऱ्याच दिवशी त्या लाल रांगोळीवर ट्रॅक्टरचा रोटावेटर फिरवतो.

रोमची मॅच लावली होती. कोण जिंकलं आठवत नाही.

१४ मे

एकटा खेळतो. विहिरीच्या भिंतीवर चेंडू मारतो, भिंत परत देते. भिंत कधी चुकत नाही, त्यामुळे मजा नाही.

१८ मे

आज जे झालं ते कोणाला सांगितलं तर हसतील. म्हणून इथं.

ऊन कललं तसा गेलो. एकटाच. शेवटचा चेंडू भिंतीच्या काठाला लागला आणि धुऱ्यापलीकडे उडाला. जगदेव तिथंच पाण्याचा दांड साफ करत होता, हातात फावडं. चेंडू टप्पा घेऊन त्याच्याकडे गेला. मला वाटलं, गेला हाही.

त्यानं फावडं आडवं धरलं आणि ठण्णकन मारला. चेंडू धुऱ्यावरून सरळ माझ्याकडे. मी सवयीनं परत मारला. त्यानं परत मारला. लहानपणी विटीदांडूत अख्खं गाव याला घाबरायचं, ते मी विसरलोच होतो. तो तिकडं पळतो आहे, मी इकडं पळतो आहे. दोघंही पन्नाशीच्या पुढचे. त्याची टोपी पडली, माझी चप्पल तुटली. थांबायचं कोणी नाव घेईना. फावड्याचा आवाज असा की विहिरीवरचे पारवे उडून गेले.

शेवटी चेंडू त्याच्या दांडात पडला. त्यानं काढला, धोतराला पुसला, माझ्याकडे टाकला. मग झोपडीतून एक पिशवी आणून धुऱ्यावर ठेवली. आतापर्यंत गेलेले सगळे चेंडू तिच्यात. आणि पाठ फिरवून गेला.

मी पिशवी उचलून घरी आलो.

१९ मे

दुसरी रॅकेट धुऱ्यावर नेऊन ठेवली. ठेवून लांब जाऊन बसलो.

२० मे

रॅकेट नाही!

२१ मे

आला. आमच्या बाजूला, कोर्टावर. नमस्कार नाही, काही नाही. जाळीपलीकडे जाऊन उभा राहिला. रॅकेट फावड्यासारखी धरतो, पण बॅकहँड असा की बस्स. मी टीव्हीवर एवढी वर्षं पाहून जे शिकलो ते त्याला काही माहीत नाही. तरी सेट सहा-एक असा हरलो.

२५ मे

पॅरिस! इथं अजून रेषेवर माणसं आहेत आणि पंच माळ्यावरून उतरतो. आईनं उभं राहून हात जोडले.

दुपारी दार वाजलं. जगदेव. मला म्हणाला नाही, आईला म्हणाला, "काकू, आमच्याकडं लाईन गेली. थोडकसं पाहू द्या." त्याच्या घराची आणि माझ्या घराची लाईन एकाच डीपीवरून येते, आणि आमचा टीव्ही चालूच होता. वैजयंतीनं पाणी दिलं. तो खालीच बसला, माझ्याकडे पाठ करून, आणि तीन तास उठला नाही. खेळाडू घसरत चेंडूवर गेला की त्याचाही पाय आपोआप पुढं सरकतो. पाठीमागून मला सगळं दिसत होतं.

रोज येतो म्हणाला. आईला.

३ जून

वीट येईल इतकं लिहिणार आज.

संध्याकाळी आमची मॅच. पाच-पाच बरोबरीत. वैजयंती आणि आई बाजेवर बसून पाहत होत्या. मी डाव्या कोपऱ्यात लांब मारला. जगदेव पोचला नाही. पॉइंट माझा! आणि जाळीपलीकडून आवाज आला, "आऊट."

इतक्या वर्षांत तो मला पहिला शब्द बोलला तो हा.

मी म्हटलं, "रेषेवर आहे."

"बाहेर आहे."

"चुना उडाला, म्या पाह्यला."

"तुले चष्म्याशिवाय ताटातली भाकर दिसत नाई, चुना कुठून दिसला?"

मी जाळी ओलांडून गेलो. दोघंही खुणेपाशी उकिडवे बसलो. डोक्याला डोकं लागलं. चेंडूची खूण लांबट, काठ रेषेला चाटून गेलेला — की नाही? तो बोटानं दाखवे, मी काडीनं. बराच वेळ गेला. भांडता भांडता कधीतरी मी आबांच्या वेळचं बोललो, तोही बोलला. तो म्हणाला, आबा गेले तेव्हा तू मला खांदा द्यायला बोलावलं नाहीस. मी म्हटलं, निरोप पाठवला होता, तू वाशीमला होतास. निरोप पोचलाच नव्हता. मला वाटत होतं, तो तुकड्यापायी आला नाही. त्याला वाटत होतं, मी तुकड्यापायी बोलावलं नाही.

चेंडूची खूण आमच्या दोघांच्या पावलांनी केव्हाच पुसून गेली होती.

शेवटी आईनं बाजेवरून हुकूम दिला, "पुन्यांदा टाका रे. अंधार पडून राह्यला."

पुन्हा टाकला. मी हरलो. जाताना तो म्हणाला, मोजणीचा अर्ज आता मागं घेता येत नाही, पैसे भरले आहेत आणि गावात बोलून बसलो आहे. मी म्हटलं, होऊ दे.

८ जून

फायनल. पाच माणसांचा स्वयंपाक, जगदेवची बायकोपण आली. ऐन रंगात लाईन गेली. यावेळी खरोखर दोन्ही घरची. मोबाईलभोवती सगळी डोकी एकत्र, आईला काही दिसेना, तिला जगदेव तोंडानं सांगत होता. काय झालं ते जगाला माहीत आहे. मी लिहीत नाही, माझ्या गड्याला पुढच्या वर्षीही खेळायचं आहे.

हंगाम संपला. घर एकदम रिकामं वाटलं.

१० जून

मोजणीवाले आले. तिपाईवर यंत्र, कानाला मोबाईल. मला माद्रिद आठवलं. खूण नाही, वाकून पाहणं नाही, यंत्रानं सांगितलं की झालं.

कोर्टाच्याही पुढं, माझ्या गव्हाच्या वावराच्या काठाला दगड रोवला. धुरा पहिल्यापासूनच चुकीच्या जागी होता म्हणे. अख्खं कोर्ट जगदेवच्या हद्दीत.

सही केली. जगदेव माझ्याकडे पाहत नव्हता, मीही त्याच्याकडे नाही. चौकातली माणसं बघायला जमली होती. त्यातल्या एकानं मुद्दाम विचारलं, मग रोटावेटर कधी?

घरी आलो. आईला सांगितलं. मी रॅकेट माळ्यावर टाकून दिली.

१२ जून

सकाळी जगदेवच्या वावरातून रोटावेटरचा आवाज आला. मी गेलो नाही. वैजयंती जाऊन आली. म्हणाली, सगळ्या वावरात फिरवला त्यानं, कोर्टाला मात्र वळसा घातला. आणि त्याचा निरोप दिला:

"बबन्याले सांग, कोर्ट आता माह्यं आहे. सर्विस पयली मी करीन."