ताईच्या गाडीचा भाता आणि माझा भुजंगप्रयात

शालकमहाराज,

अनेक आशीर्वाद. तुझी पाठ, तुझ्या बायकोची सर्दी आणि तुझ्या कुत्र्याचा स्वभाव, तिन्ही उताराला लागले असतील असं धरून चालतो. आमच्याकडे सर्व क्षेम आहे. माझी आई ठणठणीत आहे. माझ्याशी बोलत नाही, पण ठणठणीत आहे. का बोलत नाही ते ओघात येईलच. एवढंच आधी सांगतो की हे पत्र मी अत्यंत प्रसन्न मनाने लिहितो आहे आणि यात काळजी करण्यासारखं काहीही नाही. (फोन केला असता, पण तुझ्याकडचा फोन ताईच उचलते, आणि काही गोष्टी पुरुषांनी आपापसात बोलायच्या असतात. म्हणून तुमच्या बाजूला निघालेल्या टेम्पोवाल्याच्या हाती हे पाकीट देतो आहे.)

तुला ठाऊकच आहे की रविवारी डोंगरावरच्या चढणीची शर्यत आहे, आणि तिच्याआधी चार दिवस विश्रांती म्हणून तुझी बहीण तुझ्याकडे आली आहे. गेल्या वर्षी शेवटच्या वळणावर त्या दंतवैद्यबाई तिला मागे टाकून गेल्या, आणि जाताना हसल्या. तेव्हापासून आमच्या घरात त्यांचं नाव निघत नाही. (माझी एक दाढ वर्षभर ठणकते आहे, पण गावात दुसरा दंतवैद्य नाही आणि मला घरात राहायचं आहे.) यंदा जिंकली नाही तर गाडी विकून टाकीन, असं ताई म्हणाली आहे, आणि ती बोलते तसं करते हे तुला माझ्याआधीपासून माहीत आहे. तुमच्या बाबांची गाडी ती. ती दारातून गेली तर ताईचं काय होईल, या विचाराने माझं रात्रीचं वाचन थांबलं. वाचन थांबलं की माणूस काहीतरी करायला लागतो.

निघताना तिने बजावलं होतं, "अहो, गाडीला हात लावायचा नाही. पुसायचीसुद्धा नाही." आता मीमांसा शिकलेल्या माणसापुढे निषेध असा ढोबळपणे मांडून चालत नाही. निषेध गाडीचा आहे. गाडीतून जे बाहेर काढलं ते गाडी राहत नाही. म्हणून मी सुपरचार्जर बाहेर काढला आणि मगच त्याला मनापासून हात लावला. (काढण्यापुरता गाडीला जो हात लागला तो आनुषंगिक होय.)

सुपरचार्जर म्हणजे काय हे तुला सांगायला नको. बाबांच्या हाताखाली तूच तो बसवलास. पण मला सांगायला आवडतं. इंजिनाच्या उरावर बसवलेला भाता तो. आत दोन जाडजूड रोटर एकमेकांना न शिवता फिरतात आणि इंजिनाच्या घशात जबरदस्तीने हवा कोंबतात, म्हणजे चढावर गाडी धापा टाकत नाही. माझा तर्क साधा होता: आतली भिंत जितकी गुळगुळीत, तितकी हवा सुखाने जाईल. हा तर्क मला अजूनही निर्दोष वाटतो.

उघडण्याचा क्रम लक्षात राहावा म्हणून लोक फोटो काढतात, चिठ्ठ्या चिकटवतात. मी श्लोक रचला. पाठ केला की सरळ म्हणत उघडायचं, उलट म्हणत जोडायचं. पोथ्या हरवतात, मुखोद्गत हरवत नाही. भुजंगप्रयात घेतला, कारण त्याची चाल पान्याच्या फेऱ्याला जुळते:

निघे पट्ट आधी, पुली त्याच मागे
पुढे झाकणाचा क्रमे भाग लागे
मिठीतून सोडा जुळे गोल दोन्ही

चौथा चरण जमला नाही तोवर सगळं सुटंसुटं होऊन जेवणाच्या टेबलावर आलं होतं.

मग घासकाम. रोटर रॉकेलमध्ये भिजत घालायला मोठं भांडं हवं होतं आणि दुधाचं पातेलं रिकामं होतं. (ते नंतर साबणाने घासलं. साबण पुरेसा नव्हता, हे आईच्या चहाने सिद्ध केलं.) ड्रिलला गुंडाळायला मऊ कापड म्हणून फ्लॅनेलची जुनी कानटोपी घेतली, आईच्या मते ती जुनी नव्हती. या दोन गोष्टींमुळे तिने अबोला धरला आहे. पण चकाकी, महाराज! पेस्ट लावून आतली भिंत अशी उजळली की तिच्यात तोंड बघून मी दाढी केली. नुसती गंमत म्हणून, पण झाली.

जोडताना श्लोक उलटा म्हणत गेलो. एकही अक्षर अडखळलं नाही. शेवटचा बोल्ट आवळला, पट्टा चढवला, हात पुसले, आणि टेबलावर एक पातळ वॉशर उरला. आता हा दोष माझा की छंदाचा, याचा निवाडा तूच कर. वॉशर हा शब्द भुजंगप्रयातात बसत नाही. गुरूनंतर दोन लघू. त्या वृत्तात अशी जागाच नाही. मी तो चौथ्या चरणासाठी बाजूला ठेवला होता. आई स्वयंपाकघरातून म्हणाली (मला नव्हे, कपाटाला), "वॉशर बसत नाही तर चकत्या म्हणावं मेल्याने. बसतं की!" मी मात्रा मोजल्या. बसतं.

एवढ्याशा चकतीने काय अडणार, म्हणून गाडी सुरू केली. सुरुवातीला उत्तम खर्ज लागला. मग भात्याने एकदम तार सप्तकात उडी घेतली आणि तिथेच बसला. शेजारच्या गच्चीवरची कबुतरं गेली ती अजून आलेली नाहीत. आईने खिडकीतून थेट मला उद्देशून ओरडून सांगितलं, "अरे बंद कर, कुणीतरी गेल्यासारखं वाटतंय!" म्हणजे अबोला तेवढ्यापुरता सुटला, प्रयोगाचा हा एक लाभच. मग परत उघडलं. रोटर आणि झाकण यांच्यामध्ये अंतर राखायचं काम त्या वॉशरचं होतं असं दिसतं. आरशावर किंचित रेघा उमटल्या आहेत. वॉशर आता जागच्या जागी आहे. आवाज खाली आला आहे. मला स्वतःला तो भारदस्त वाटतो.

एकूण कार्य सिद्धीला गेलं, तपशील राहिले. वहिनींना नमस्कार, कुत्र्याला लांबून.

तुझा,
दाजी

ता. क. तुझ्या माळ्यावर बाबांनी जोडीने घेऊन ठेवलेला दुसरा भाता आहे. तो धूळ खात असेल. घासायला म्हणून याच टेम्पोवाल्याबरोबर पाठवून दे. शनिवारच्या आत. ताईला बोलू नकोस.

आणखी एक ता. क. रेघा किंचित नाहीत. बोट फिरवलं तर अडकतं, आणि फाटकापर्यंतच्या चढावर गाडी दोनदा बंद पडली.

शेवटचा ता. क. (हा शालकमहाराजांसाठी नाही. भावाची पाकिटं कोण फोडतं हे मला लग्नापासून माहीत आहे.) रागाव, पण आधी ऐक. तो जेवून झोपला की माळ्यावरून भाता काढ, मांडीवर घे आणि मिळेल त्या गाडीने आजच नीघ. तू बसव, मी फक्त पाने देईन, तेही तू मागशील तेच. रविवारी त्या शेवटच्या वळणावर तूच पुढे असायला हवीस. आणि हे पत्र भावाला दाखवू नकोस. यंत्रांच्या बाबतीत त्याचा माझ्यावर थोडा विश्वास आहे. घरात तेवढा एकच उरला आहे.