गाळलेलं वाक्य

१८ जानेवारी १९५४
कोलशेतला रुजू झालो. रंगाचा कारखाना, खाडीवरचा गार वारा, खिडकीजवळचं टेबल! फोरमन लोकांचे लांबलचक अहवाल सोप्या मराठीत लिहून ठाण्याच्या कचेरीत पाठवायचे, एवढंच काम. आठ वर्षं निबंध तपासलेत, म्हणून सगळे मला मास्तरच म्हणतात. हेडक्लार्क महिपतराव खूश दिसले. खोली रंगूबाईंकडे मिळाली. मिठागरात राबलेली बाई, कोलंबीचं कालवण झकास करते.

२१ जानेवारी
पहिला अपघात-अहवाल. धाकू नावाचा कामगार गेल्या महिन्यात जुना हौद साफ करताना गेला. फोरमनचं एकच वाक्य सात ओळींचं! मी त्याची चार केली. शेवटी होतं, ‘झाकण बसवल्यावरही आतून हाका येत होत्या.’ महिपतराव म्हणाले, वाचणारा उगाच गोंधळतो, गाळा. त्या जागी ‘मृत्यू तत्काळ झाला’ असं घातलं. सुटसुटीत झालं.

२३ जानेवारी
धाकू रंगूबाईंचा मुलगा. आज कळलं. प्रेत त्यांना दिलंच नाही. त्यांनी विचारलं, “पोरानं हाक मारलेली का, मास्तर?”
नाही म्हणालो.

२७ जानेवारी
अहवाल कचेरीतून परत. शेरा : शेवटचं वाक्य अर्धवट. पाहिलं तर खाली, माझ्याच अक्षरात, ‘झाकण बसवल्यावरही आतून हाका’. मी लिहिलेलं नाही. नवी प्रत काढली, दोनदा वाचली.

२९ जानेवारी
नव्या प्रतीतही तेच. आता वाक्य पूर्ण. शाई ओली. आणि ‘येत होत्या’ नाही — ‘येत आहेत’.

२ फेब्रुवारी
जेवणाच्या सुट्टीत हौदाकडे गेलो. झाकणाला कान लावला. आतून कोणीतरी ‘मास्तर’ म्हणालं. धाकूने मला कधी पाहिलंही नव्हतं! महिपतरावांना त्या हाकेबद्दल सांगितलं. मान वर न करता ते म्हणाले, पुन्हा तिकडे जाऊ नका.

५ फेब्रुवारी
खोलीतही ऐकू येतं. रंगूबाईंना खरं सांगून टाकलं. रडल्या नाहीत. “मग काढ त्याला भायेर,” एवढंच.

७ फेब्रुवारी
रविवार. कारखाना बंद. पहारीने झाकण सरकवलं, शिडीने उतरलो. वही आणली आहे — दिसेल ते सगळं लिहायचं, काही गाळायचं नाही. पाणी नाही. प्रेत नाही. भिंतीवर नखांचे ओरखडे, पार वरपर्यंत —

हाका थांबल्या.

नाही. पुन्हा. तोच आवाज — पण वरून. मी ओ दिली.

उजेड कमी होतोय. झाकण सर—