रेणुकाचा पसंतीक्रम

पुसद, मंगळवार

आज चूक झाली, आणि समजून-उमजून झाली. रेणुका तांड्यावरून आली होती, मेडिकलच्या अर्जात कॉलेजांचा क्रम लावायला. तीन वर्षं ती रोज संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी शिकते आहे. आधी नागपूर की यवतमाळ, एवढंच ठरायचं होतं.

नागपूरला शिकणाऱ्या माझ्या भाचीने तिथलं सगळं सांगितलं होतं. मुली मिळून अभ्यास करतात, मोठ्या मुली शरीररचना शिकायची आपली हाडांची पेटी धाकट्यांना देतात. "माझी पेटी तिच्यासाठी ठेवते," असंही म्हणाली. मी रेणुकाला काय सांगितलं? मेसचं वरण पातळ असतं, घर आठवून मुली रडतात. पेटीचं नावच काढलं नाही. का? यवतमाळ जवळ, रविवारी भेटायला येईल, म्हणून?

"तुमी म्हणता तं यवतमाळच पयलं टाकतो, बाई." आणि टाकलंही.

आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर अर्धं खरं सांगण्यालाही खोटंच म्हणायच्या.

क्रम उद्यापर्यंत बदलता येतो. शेवटी आत्ता तिला फोन केला, पेटीसकट सगळं सांगितलं. ती हसली.

"मले मालूम होतं. तुमच्या भाचीनं मलेबी सांगतलं होतं. तुमी एकट्या राह्यता, म्हणून काही बोललो नाही."

मी वर्गातल्या आवाजात म्हटलं, "नागपूर पहिलं टाक."

"टाकतो. पण मंग संध्याकाळी तुमी कोणावर रागावसान?"

आधी टाक, मग बोलू, म्हणाले. मग भाचीला कळवलं, पेटी ठेव.