समोर बघा, आई

आई, आज दुपारी तुझं एक चित्र कॉलेजात आलं. मी काढलेलं नाही. मी शिकत होते तेव्हा माझ्या वर्गात माधवनगरचा एक मुलगा होता. तुला त्यानं चहा आणून दिला होता आणि बशी विसरला होता, तो. आता त्याचा सांगलीत फ्लेक्सचा धंदा आहे, केस पांढरे झालेत. जुनं घर पाडायचं म्हणून माळा रिकामा करत होता, तिथं कागदांची गुंडाळी सापडली. ती माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "मॅडम, घ्या तुमची आई. लय वर्षं आमच्याकडं राहिल्या." मी हसले. त्यानंच दोरा सोडला, कोपऱ्यांवर माझा डबा, पाण्याची बाटली, हाताला लागेल ते ठेवलं आणि बाजूला झाला. मग तो जे बोलला ते नंतर सांगते. आधी तो दिवस.

मी पहिल्या वर्षाला होते. याच इमारतीत, याच वर्गात. आता इथं मी शिकवते, पण वर्गाकडे बघताना अजून तो दिवसच आधी दिसतो. आबांनी मला पाठवलं होतं ते एका वर्षाच्या बोलीवर. "चित्रं काढायला चार वरसं लागत्यात व्हय? एक वरीस बघू." वर्ष संपायच्या आत मलकापूरचं स्थळ आलं. आत्तीनं फोनवर मला सांगितलं होतं, त्यामुळे कुणीतरी न्यायला येणार हे ठाऊक होतं. ती तू असशील असं वाटलं नव्हतं. तू मेढ्याहून पहाटे निघालीस, साताऱ्याला गाडी बदललीस, कराडला बदललीस आणि दुपारी आमच्या वर्गाच्या दारात उभी राहिलीस. खांद्यावर आबांची पलटणीतली किटबॅग. ती रिकामी होती. घडी घालून खांद्यावर टाकलेली. रिकामी बॅग घेऊन कुणी मुलीला नुसतं भेटायला येत नाही.

त्या दिवशी मॉडेल आला नव्हता. बाजारातले एक म्हातारबाबा बसायचे, ते आजारी होते. सरांनी दाराकडे पाहिलं. मी म्हटलं, माझी आई. सर लगेच म्हणाले, "आई, बसता का थोडा वेळ?"

"बसून काय करायचं?"

"काही नाही. नुसतं बसायचं."

"आवं, ते कसं जमंल मला? हाताला काम न्हाई तर झोप लागती."

सगळा वर्ग हसला. तूही हसलीस आणि बसलीस. लाकडी चौथरा, त्यावर खुर्ची. किटबॅग तू खुर्चीच्या पायाशी ठेवलीस, सरांनी ती उचलून दाराजवळ नेली.

कुणी कुठून काढायचं याच्या आम्ही चिठ्ठ्या टाकायचो. मला मागची जागा आली, तुझ्या पाठीमागची, थोडी उजवीकडे, खिडकीला लागून. माधवनगरचा मुलगा समोर होता. तो म्हणाला, तू इकडे ये, मी मागं जातो. मी बोर्ड उचलला होता. तू चौथऱ्यावरून म्हणालीस, "ऱ्हाऊ दे तिला तिथंच. तोंडाकडं बघत बसली तर मला हसू यील." मी बोर्ड खाली ठेवला. ते हसूच होतं असं मी कितीतरी वर्षं धरून चालले.

मी तुझी पाठ काढली. तोवर तुझ्या पाठीकडे मी कधी इतका वेळ पाहिलं नव्हतं. अंबाडा, मानेवरचे सुटलेले केस, ब्लाउजची उसवलेली शिवण तू वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं घातलेली. ते टाके मी एकेक काढले. कोळशानं हात काळा झाला. वर्गात कागदावर कोळसा घासल्याचा आवाज होता आणि मधूनमधून सरांचा. "आई, समोर बघा."

"बघतीय की."

थोड्या वेळानं पुन्हा, "आई, समोर."

मागून मला काहीच कळत नव्हतं. तुझी मान हलत नव्हती.

मध्ये विश्रांती झाली. उठण्याआधी सरांनी खडू घेतला आणि तुझ्या पावलांभोवती चौथऱ्यावर रेघ ओढली. मॉडेल परत आलं की त्याच जागी बसावं म्हणून करतात तसं. तू पाय आखडून घेतलेस. "आवं, पायाला हात नका लावू." सर म्हणाले, "पायाला नाही, फळीला लावतोय." मग तू पाय नीट ठेवलेस आणि रेघ पूर्ण होईपर्यंत श्वाससुद्धा घेतला नाहीस. चहा झाला, तू परत त्या खुणांत पाय ठेवून बसलीस. ऊन उतरेपर्यंत.

एसटी स्टँडवर मी तुझ्यासोबत आले. तू आबांचं नाव काढलं नाहीस, मीही काढलं नाही. कराडची गाडी लागली तेव्हा तू किटबॅग माझ्या हातात दिलीस. "ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. एवढं ओझं कुठं परत न्यू?" बॅगेत काही नव्हतं. पायरीवर चढून वळलीस. "अर्धंच झालंय म्हनत्यात सर. फुडच्या शनवारी येते म्हनून सांग." गाडी हलली. तू खिडकीतून बाहेर पाहिलं नाहीस, कारण तुला आतल्या बाजूची जागा मिळाली होती.

पुढचा शनिवार आला नाही. छातीत दुखतंय म्हणालीस, आणि जीप साताऱ्याला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्यानंतर आबांनी मला परड्यात बोलावलं. "तुझ्या आईनं काय सांगितलं तुला तिथं?" मी म्हटलं, काही नाही. ते बराच वेळ दाव्याची गाठ सोडत आणि बांधत राहिले. मग म्हणाले, "मला बी काय बोलली न्हाई. पोरगी कामात हाय, एवढंच म्हनली." स्थळाचं पुन्हा कुणी काढलं नाही. मी परत आले, पदवी पूर्ण केली.

कामात हाय. आपल्या घरात चित्राला काम कुणी म्हणत नव्हतं, तूही नाही. आता कामात आहे, नंतर घेऊन येईन, असं म्हणालीस, की कामात आहे, तिला राहू द्या, असं? आबांनाही ते माहीत नव्हतं. आता आबाही नाहीत.

मी परत आले तेव्हा चौथऱ्यावर खडूच्या खुणा तशाच होत्या. कुणी पुसल्या नव्हत्या, त्यावर पायही दिला नव्हता. नवा मॉडेल आला की मुलं खुर्ची थोडी सरकवून ठेवायची. सरही काही बोलायचे नाहीत. पुढे त्या आपोआप गेल्या. पण मी माणसाचा चेहरा काढायला घेतला की अजून मागून आवाज येतो, समोर बघा, आणि मी कागदावरून हात उचलते. माझे विद्यार्थी आता मॉडेलचा मोबाईलवर फोटो घेऊन ठेवतात. मी तरी खडू मागते. त्यांना ती माझी सवय वाटते.

आज तुझं चित्र मी पाहिलं. त्यात मान सरळ आहे, पदर सरळ आहे, आणि डोळे बाजूला गेले आहेत. तुझ्या उजवीकडे, पार कोपऱ्यात. माधवनगरचा तो माझ्या शेजारी उभा राहून म्हणाला, "सर मला लय बोलले तवा. बाकी सगळ्यांनी डोळे समोर काढले. मी एकटा गाढव, दिसलं तसं काढलं." मी विचारलं, आई काय बघत होती? तो म्हणाला, "ते कसं कळंल? मला फक्त डोळे दिसत होते."

तुझ्या उजवीकडे दार होतं. दाराजवळ तुझी किटबॅग होती. आणि उजवीकडेच, मागे, मी होते.

तो गेला. मुलंही गेली होती. खुर्ची मी चौथऱ्यावर तिथंच ठेवली आणि बसले. मान सरळ ठेवली, डोळे तुझ्याइतके वळवले. दार दिसत नाही, आई. त्यासाठी मान वळवावी लागते. मागचं माणूसही दिसत नाही. दिसते ती फक्त बाजूची भिंत. आमच्या वर्गाची खिडकी पश्चिमेची आहे, त्यावरून सर कायम कुरकुरायचे, की उन्हानं सावल्या हलतात. भिंतीवर मागच्या, माझ्या तेव्हाच्या जागेवरच्या बोर्डाच्या स्टँडची सावली होती. तिथं उभं राहून काढणारं कुणी नव्हतं, म्हणून हात दिसला नाही.

तू त्या दुपारी भिंतीवर माझा हात पाहिलास की नाही, हे मला कळणार नाही. तुला कधीच न सांगितलेलं एक मात्र लिहिते. पदवी संपेपर्यंत मी कपडे खोलीतल्या कपाटात लावले नाहीत. किटबॅगेतच भरून ठेवले, तोंड बांधून. तू न्यायला आलीस तर गाडी चुकायला नको म्हणून.