खुब्यातल्या जंतूला मुदतवाढ मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख, जंतुतपासणी प्रयोगशाळा,
सार्वजनिक रुग्णालय, सुरत.

विषय : पत्नीच्या कृत्रिम खुब्यातील पाण्याचे कल्चर पाचव्या दिवशी न फेकता तीन आठवडे ठेवणेबाबत.
संदर्भ : आपले डिसेंबरपासूनचे तीन अहवाल, तिन्हींवर 'वाढ नाही'.

महोदय,

विज्ञान खोटे बोलत नाही, अशी माझी पदवीधर झाल्यापासून श्रद्धा आहे. सौ. सरलाबाई हिच्या खुब्यात जंतू नाही, असे आपण तीनदा लिहून दिले आहे. पू मात्र रोज येतो.

१. खुबा बसवल्यावर हाडाला बळ यावे म्हणून तिचा भाऊ दगा याने अमळनेरकडून शेळी आणून आमच्या कतारगामच्या खोलीपुढे बांधली. पत्नीने वर्षभर धारोष्ण दूध घेतले. मी उकळण्याची सूचना मांडली, पण 'उकाळेल दूधमा काय ताकद ऱ्हास, ताई?' या मेहुण्याच्या प्रश्नापुढे ती फेटाळली गेली. घरात बी.ए. मी एकटाच.

२. शेळीचे ऐकताच हाडांचे डॉक्टर खुर्चीतून उठले. कच्च्या दुधातला ब्रुसेला नावाचा जंतू क्वचित अशा सांध्यात जाऊन बसतो व फार सावकाश वाढतो. तो सापडल्यास काही महिन्यांच्या औषधाने खुबा वाचण्याची आशा आहे. न सापडल्यास सोमवारी खुबा काढणार. नंतर ती चालेल का, असे विचारता डॉक्टरांनी पंख्याकडे पाहिले. 'कल्चरची बशी ठेवली आहे' एवढे आपण लिहून दिल्यास ते थांबायला तयार आहेत.

३. चौथ्या नमुन्याची बशी उद्या फेकली जाईल. आपले टेक्निशियन नितीनभाई यांना विनवले असता 'काका, आववुं होय तो पांच दिवसमां आवी जाय' असे उत्तर मिळाले. महोदय, आमचे पाहुणेसुद्धा कळवलेल्या दिवशी येत नाहीत. प्लेगच्या साथीनंतर सुरत इतकी स्वच्छ झाली की जंतूला जागा उरली नाही, हे मान्य. म्हणूनच तो खुब्यात शिरला असावा.

४. जागेची अडचण असल्यास बशी माझ्या ताब्यात द्यावी. मी ती काखेत धरून बसेन. कोंबडी अंड्यावर बसते तसे बसावे लागले तरी हरकत नाही, कामावर रजा टाकली आहे. पत्नी रोज विचारते, 'कोण शे तो, कयनं का?' तिला सांगायला एक नाव द्या. कोणतेही नको, खरे द्या.

आपण भुसावळचे आहात असे शिपाई म्हणाल्यावरून मूळ अर्ज मराठीत ठेवला आहे.

आपल्या दारी चौथ्यांदा उभा,
वाल्मिक उखा बोरसे
दि. १६ फेब्रुवारी १९९६

सोबत : तीन अहवाल, अर्जाची गुजराती प्रत, शेळी (फाटकाबाहेर बांधली आहे).

ता.क. : अर्ज द्यायला आलो तेव्हा बशी ठेवलेल्या इन्क्युबेटरला हात लावून पाहिला. थंड लागला. आपले वायरमन सुकदेव म्हणाले, तो दिवाळीपासून बंद आहे.